ट्यूमर दाखवणारं सोनं: फोटोअकूस्टिक इमेजिंगसाठी नॅनोरॉड बनवणं, तपासणं आणि वापरणं

फोटोअकूस्टिक इमेजिंगमध्ये लेझरचा प्रकाश शोषून निघालेल्या आवाजाचं चित्र बनतं, आणि ट्यूमर उठून दिसावा म्हणून त्यात सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाच्या कांड्या, पोचवतात. स्क्रीनवर ट्यूमरच्या जागी ठिपका उजळला की काम फत्ते झालं असं वाटतं. पण तो ठिपका सोन्याचाच आहे कशावरून? ८०० नॅनोमीटरला माणसाच्या अख्ख्या रक्ताचं शोषण दर सेंटिमीटरला साधारण ४.५ असतं. ओडी, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, हे द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप; २.३ ने गुणलं की ते रक्ताच्या त्याच एककात येतं. ओडी २ चं नॅनोरॉडचं द्रावण म्हणजे २ × २.३, जवळपास तेवढंच. शेजारी-शेजारी दोन बारीक नळ्या ठेवा, एकीत रक्त आणि एकीत ओडी २ चं सोनं. एकाच तरंगलांबीवर दोन्ही सारख्याच चमकतील. ट्यूमरमध्ये नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं असतंच, त्यामुळे इथे फसगत हमखास होते. म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीनंतर एकच सूचना पुन्हा पुन्हा येईल: स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचा आलेख. सोनार जसा प्रत्येक डागिना कसाला लावतो, तसा प्रत्येक टप्प्यावरचा माल स्पेक्ट्रोफोटोमीटरला लावायचा.

तत्त्व थोडक्यात. काही नॅनोसेकंदांचा लेझर पल्स पेशीजालावर पडतो. जिथे प्रकाश शोषला जातो तिथे अंशाच्या हजाराव्या भागाएवढं तापमान वाढतं, तेवढा भाग झटक्यात प्रसरण पावतो आणि अल्ट्रासाउंडची लाट निघते. हा परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये नोंदवला होता. सुरुवातीचा दाब तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: ग्रूनायझन गुणांक (मऊ पेशीजालात साधारण ०.२), शोषण, आणि तिथे पोचलेली प्रकाशाची मात्रा. त्यातलं शोषण वाढवायला सोनं वापरायचं. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, म्हणून रॉडचं शिखर, म्हणजे सगळ्यात जास्त शोषणाची जागा, तिथे हवं. साधे गोल कण ५२० च्या आसपास शोषतात, आणि तिथे हिमोग्लोबिन सगळा प्रकाश खाऊन टाकतं. १० × ४० नॅनोमीटरचे रॉड ७८० ते ८०० ला बसतात, आणि एवढ्या लहान आकारात प्रकाश विखुरण्यापेक्षा शोषलाच जास्त जातो. आपल्याला नेमकं तेच हवं.

सामान मागवताना

सोन्यासाठी क्लोरोऑरिक आम्लाचं ट्रायहायड्रेट घ्या. प्लेटिंगवाल्याकडे मिळणारं 'सोन्याचं मीठ' बहुतेक वेळा पोटॅशियम गोल्ड सायनाइड असतं. ते इथे चालत नाही, आणि आम्लाशी संपर्क आला तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. ते प्रयोगशाळेत आणूच नका.

क्लोरोऑरिक आम्ल हवेतली वाफ खेचून घेतं. जुलैत ठाण्यात किंवा वाशीत, खिडकी उघडी असेल तर, तराजूवर ठेवल्यापासून मिनिटभरात त्याचे पिवळे स्फटिक चिकट होतात आणि आकडा चढत जातो. म्हणून ते तोलूच नये. १ ग्रॅमची सीलबंद कुपी घ्यावी, पाणी घालून सगळीच्या सगळी विरघळवावी, धुऊन घेतलेलं पाणीही त्यातच टाकावं आणि एकूण २५४ मिलिलिटर करावं. झालं १० मिलिमोलर. गडद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. धातूचा चमचा अजिबात लावू नका, सोनं त्यावरच बसतं.

सीटॅब, म्हणजे सीटिलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड, हा रॉडभोवती थर धरणारा साबणासारखा पदार्थ, या कृतीतला सगळ्यात लहरी. त्यात आयोडाइडची अगदी किंचित भेसळ असली तरी रॉडऐवजी गोळे मिळतात, कारण आयोडाइड सोन्याच्या काही बाजूंना घट्ट चिकटतो आणि लांबीची वाढ थांबवतो. स्वस्त डबा बदलला की 'कृती बिघडली' असं वाटतं, प्रत्यक्षात डबा बिघडलेला असतो. जास्त शुद्धतेचा घ्या, लॉट क्रमांक वहीत लिहा, आणि जमलेल्या लॉटचे दोन-तीन डबे राखून ठेवा.

पाणी १८ मेगाओमचं, म्हणजे क्षार जवळपास पूर्ण काढलेलं हवं. नळाला मोरबे धरणाचं पाणी कितीही गोड येत असलं तरी त्यातला क्लोराइड आणि कॅल्शियम इथे नको. काचेची भांडी आणि स्टर बार (ढवळायचा चुंबक) अम्लराजात बुडवून ठेवायचे: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, ताजं बनवलेलं, फ्यूम हूडमध्ये, आणि बाटलीला झाकण न लावता, कारण वायू साठून बाटली फुटते. स्टर बारवर मागच्या बॅचचं पुसटसं जांभळं डाग राहिलं तर तेच बीज होऊन बसतं आणि वाढ भलतीकडेच जाते.

बीज

बीज म्हणजे सोन्याचे अगदी बारीक कण, ज्यांच्यावर पुढे रॉड वाढतात. ०.२ मोलर सीटॅब: ७.२९ ग्रॅम, एकूण १०० मिलिलिटर, ३० अंशावर हळूहळू ढवळत. फेस काढू नका. यातले ५ मिलिलिटर घ्या, त्यात ०.५ मिलिमोलर सोनं ५ मिलिलिटर (साठ्यातले ०.२५ आणि पाणी ४.७५). रंग पिवळा-नारिंगी होतो.

सोडियम बोरोहायड्राइड ०.०१ मोलर: १९ मिलिग्रॅम, ५० मिलिलिटर बर्फाच्या पाण्यात, आणि तीन-चार मिनिटांत वापरा. पाण्यात ते स्वतःच विघटित होत राहतं. पावसाळ्यात डबा पुन्हा पुन्हा उघडला तर घट्ट ढेकूळ होतं आणि ताकद जाते, म्हणून नवीन डबा आला की लगेच लहान कुप्यांत वाटून डेसिकेटरमध्ये ठेवा. त्यातलं ०.६ मिलिलिटर एका झटक्यात टाका, स्टरर जोरात, दोन मिनिटं. द्रावण पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं, तपकिरी-पिवळं व्हायला हवं. लालसर झालं तर बीज मोठं झालं, ओतून द्या. चांगलं बीज २७ ते ३० अंशावर अर्धा तास ठेवा म्हणजे उरलेला बोरोहायड्राइड संपेल, आणि दोन तासांच्या आत वापरा.

वाढ

१०० मिलिलिटरच्या बॅचसाठी क्रम असा: ०.२ मोलर सीटॅब ५० मिलिलिटर. ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट (१० मिलिलिटरमध्ये ६.८ मिलिग्रॅम) २ मिलिलिटर. १ मिलिमोलर सोनं ५० मिलिलिटर. मग ०.०७८८ मोलर अॅस्कॉर्बिक आम्ल (१० मिलिलिटरमध्ये १३९ मिलिग्रॅम, त्याच दिवशी बनवलेलं) ०.७ मिलिलिटर. हे पडताच पिवळं द्रावण काही सेकंदांत पाण्यासारखं स्वच्छ होतं. पिवळेपणा उरला तर अॅस्कॉर्बिक जुनं आहे. बीज घालायच्या आधीच गुलाबी-निळी छटा आली तर भांडं अस्वच्छ आहे. दोन्ही वेळा थांबा, पुढे रेटू नका.

आता बीज ०.१२ मिलिलिटर. हलक्या हाताने फिरवा आणि २७ ते ३० अंशाच्या पाण्यात बाटली ठेवून द्या, ढवळायचं नाही. दहा-वीस मिनिटांत आधी फिकट निळसर, मग तपकिरी-लालसर झाक येते. मनासारखं शिखर पहिल्याच फटक्यात मिळत नाही, म्हणून १० मिलिलिटरच्या तीन कुप्यांत सिल्व्हर नायट्रेट ०.१५, ०.२० आणि ०.२५ मिलिलिटर घालून आधी चाचणी घ्या. चांदी वाढवली की एका मर्यादेपर्यंत रॉड लांबतात आणि शिखर लाल बाजूला सरकतं, त्यापुढे उलट मागे येतं.

तापमानाची गोष्ट इथल्या प्रयोगशाळांना फार नडते. नवी मुंबईत महापे-रबाळेच्या इमारतींत एसी २२ वर ठेवलेला असतो, आणि सीटॅब साधारण २५ अंशाखाली स्फटिक होऊन बाहेर पडतं. सकाळी येऊन बघावं तर बाटलीच्या तळाशी पांढऱ्या पिसांसारखे झुबके आणि वर फिक्कट पाणी. ते पाहून बॅच फेकू नका. बाटली ३० अंशाच्या पाण्यात ठेवली की स्फटिक विरघळतात आणि रॉड परत पसरतात. पण वाढ चालू असताना असं झालं तर मात्र आकार एकसारखा राहत नाही. एसीकडे लक्ष ठेवण्यापेक्षा थर्मोस्टॅट असलेलं साधं वॉटर बाथ घ्या. मे महिन्यात वीज गेली आणि खोली ३४ वर गेली तरी बाथच्या पाण्याचं तापमान हळूच वाढतं, तेवढा वेळ मिळतो.

स्पेक्ट्रम घ्या. दोन शिखरं हवीत: ५१० ते ५२० ला लहान, ७८० ते ८०० ला उंच. उंच भागिले लहान, हे गुणोत्तर ४ किंवा जास्त असेल तर माल उत्तम. ३ च्या खाली असेल तर गोळे आणि घनाकार कण जास्त आहेत. ४०० नॅनोमीटरला शोषण १.२ आलं तर धातुरूप सोनं ०.५ मिलिमोलर, हा हिशेब पाठ करून ठेवा, पुढे मात्रा मोजायला लागतो. टाकलेलं सगळं सोनं रॉडमध्ये जात नाही, या कृतीत साधारण सहावा-सातवा हिस्साच जातो. त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका.

आकार डोळ्यांनी पाहायचा तर टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, हवाच. पवईच्या आयआयटीत बाहेरच्यांनाही नमुने देता येतात, ठाण्याहून जवळच आहे. जाळीवर थेंब टाकण्याआधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर सीटॅबचा थर बसतो आणि फोटोत नुसते ढग दिसतात. किमान दोनशे रॉड मोजा.

धुणं आणि अंगरखा

सीटॅब पेशींना मारतं. ते काढायचं, पण पूर्ण काढलं तर रॉड एकमेकांना चिकटून निळसर-करडे होतात आणि परत सुटत नाहीत. म्हणजे काढता काढता दुसरा अंगरखा चढवायचा.

१२,००० जी, ३० मिनिटं, आणि सेंट्रिफ्यूजचं तापमान २८. थंड सेंट्रिफ्यूज ४ अंशावर राहिला असेल तर नळीत रॉडऐवजी सीटॅबचा पांढरा गठ्ठा मिळेल. वरचं पाणी काढा, तळाचा गडद थेंब शुद्ध पाण्यात मिसळा. एकदा नीट धुतल्यावर सीटॅब १ ते २ मिलिमोलरवर येतं. इथेच थांबा. आता ओडी २ च्या १० मिलिलिटरला ५००० डाल्टनचं थायोल असलेलं मिथॉक्सी-पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी, जिचं थायोल म्हणजे गंधकाचं टोक सोन्याला चिकटतं) ५ मिलिग्रॅम घाला, रात्रभर हलवत ठेवा, मग दोनदा धुवा. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) आधी अधिक ३० ते ४० मिलिव्होल्ट असतं, ते शून्याजवळ यायला हवं. नाही आलं तर पीईजी जुनं आहे. थायोलचं गट हवेत जोडी जमवून निकामी होतं, म्हणून कुपी उणे २० वर आणि कोरड्या वायूखाली ठेवावी.

खरी परीक्षा मिठाची. थोडा नमुना फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, थोडा १० टक्के सीरमच्या माध्यमात, ३७ अंशावर २४ तास. स्पेक्ट्रम घ्या. शिखर ५ नॅनोमीटरपेक्षा जास्त सरकलं, रुंद झालं किंवा ९०० च्या पुढे शेपूट वर उचललं तर रॉड एकमेकांना चिकटत आहेत. असा माल उंदरात गेला तर थेट यकृत-प्लीहेत अडकणार.

एचईआर२ किंवा ईजीएफआर या काही कर्करोगपेशींवर जास्त आढळणाऱ्या प्रथिनांना चिकटणारी अँटिबॉडी जोडायची असेल तर पीईजीमधला दहावा भाग कार्बॉक्सिल टोकाचा वापरा आणि ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी जोडा. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग जितका आहे तितकं ईजीएफआरवरचं काम महत्त्वाचं, पण अँटिबॉडीचा प्रयोग साध्या पीईजीच्या रॉडवर हात बसल्यावरच करा. आधी पाया.

लेझरखाली रॉड टिकतो का

बहुतेक कामं फसतात ती इथे. ५ ते १० नॅनोसेकंदांचा पल्स रॉडवर पडला की त्या क्षणी रॉडचं तापमान प्रचंड चढतं, आसपासच्या पाण्यात उष्णता जाण्याआधीच. टोकं मऊ पडतात आणि रॉड आखूड-जाड होत गोळा बनतो. चौरस सेंटिमीटरला काही मिलिजूलवरही हे सुरू होतं. गोळा ८०० ला जवळपास दिसतच नाही. म्हणजे पहिल्या काही फ्रेममध्ये ठिपका झगझगीत, मग विझत जातो, आणि आपण समजतो की उंदीर हलला किंवा जेल सुकलं.

चाचणी सोपी आहे. ओडी १ चे २०० मायक्रोलिटर एका पातळ क्युव्हेटमध्ये. ८०० ला, १० हर्ट्झ, ३० सेकंद, म्हणजे ३०० पल्स. आधी ५, मग १०, १५, २० मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर, दर वेळी ताजा नमुना. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर स्पेक्ट्रम घ्या. ८०० चं शिखर ५ टक्क्यांपेक्षा कमी उतरेल ती मात्रा तुमची मर्यादा. ५२० चं शिखर वाढलं असेल तर वितळणं नक्की.

लेझरची मात्रा मोजताना प्रकाशाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ अंदाजाने धरू नका. फायबरमधून २० मिलिजूल निघतात आणि प्रकाशाचा पट्टा १ × २ सेंटिमीटर असेल तर १० मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर. पण पट्टा मधोमध तीव्र आणि कडांना फिका असतो, तिथे मधली मात्रा सरासरीच्या दुप्पटही असू शकते. माणसाच्या त्वचेसाठीची मान्य मर्यादा ७०० ला २० आणि ८०० ला साधारण ३२ मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. रॉड त्याच्या कितीतरी आधी वितळतात, हे लक्षात ठेवून आखणी करा.

उपाय म्हणजे सिलिकाचा अंगरखा. पीईजीच्या आधी, सीटॅब १ मिलिमोलर असताना, १० मिलिलिटर रॉडला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १०० मायक्रोलिटर घाला. मग मिथेनॉलमधलं २० टक्के टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा, दर वेळी ३० ते ६० मायक्रोलिटर, आणि दोन दिवस हलकं ढवळत ठेवा. सीटॅब जास्त राहिलं तर सिलिका वेगळेच गोळे करते, कमी राहिलं तर रॉड गठ्ठ्याने झाकले जातात. थर नीट बसला की आकार जास्त टिकतो, शिवाय उष्णता पाण्यात लवकर जात असल्याने ध्वनीही जोरदार येतो. आमचं मत स्पष्ट आहे: नळीतल्या चाचण्यांना पीईजी पुरे, पण प्राण्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त लेझर चालणार असेल तर सिलिकाशिवाय जाऊ नका.

फँटम

फँटम म्हणजे चाचणीसाठीचं नकली पेशीजाल. त्यासाठी जिलेटिन वापरू नका. मे महिन्यात ते हातातच वितळतं. १.५ टक्के अगारोज उकळा, ५० अंशापर्यंत थंड करा आणि मग २० टक्क्यांचं इंट्रालिपिड (चरबीचं दुधासारखं द्रावण) लिटरला ५० मिलिलिटर या हिशेबाने मिसळा, म्हणजे १ टक्का चरबी होते आणि प्रकाश मऊ पेशीजालासारखा विखुरतो. पाणी आधी उकळून हवा काढलेलं हवं, कारण एकच बुडबुडा मागचं सगळं झाकतो. ०.५८ मिलिमीटर आतला व्यास असलेली पॉलिथिन नळी ५, १० आणि १५ मिलिमीटर खोलीवर आडवी ओवा. प्रोबच्या (अल्ट्रासाउंड ऐकणाऱ्या भागाच्या) दिशेने उभी ठेवलेली नळी दिसणारच नाही, तिचा ध्वनी बाजूला जातो.

नळ्यांत ओडी ०.१, ०.२५, ०.५, १, २, ४ भरा, एकीत पाणी, एकीत हेपरिन घालून न गोठणारं केलेलं रक्त. आलेख ओडी २ च्या पुढे वाकू लागेल, कारण नळीच्या वरच्या भागातच बराच प्रकाश संपतो. यात चूक काही नाही. ७.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबवर नळी भरीव न दिसता वरची आणि खालची अशा दोन रेषा दिसतील, तेही ठीक. वस्तू निम्म्या खोलीवर दिसली तर मात्र प्रणाली अजून नेहमीच्या अल्ट्रासाउंडच्या हिशेबात आहे. तिथे आवाज जाऊन परत येतो. इथे तो फक्त येतो, सेंटिमीटरला साधारण ६.५ मायक्रोसेकंद. मोजणी सुरू करणारा ट्रिगर लेझरच्या फ्लॅशलॅम्पचा न घेता, पल्स प्रत्यक्ष सोडणाऱ्या क्यू-स्विचचा घ्या, नाहीतर चित्र दोनेकशे मायक्रोसेकंदांनी भलतीकडे जातं. प्रोबच्या तोंडावर थेट प्रकाश पडला तर वर जाड पांढरा पट्टा येतो. फायबरचा कोन बदला आणि मध्ये दोन मिलिमीटर जेल जास्त द्या. प्रत्येक पल्सची ऊर्जा फोटोडायोडने मोजून तिने भागा, कारण तरंगलांबी बदलली की लेझरची ऊर्जाही बदलते. ३२ फ्रेमची सरासरी घेतली की गोंगाट साडेपाच पटीने उतरतो.

आता सुरुवातीचा प्रश्न: रक्त की सोनं? ७३०, ७६०, ८००, ८५० आणि ९०० या पाच ठिकाणी मोजा. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनला ७६० ला उंचवटा असतो, ऑक्सिजनवाल्याचं शोषण ८०० नंतर चढत जातं, आणि रॉड ८०० च्या दोन्ही बाजूंना उतरतो. तीन आकार वेगळे आहेत, म्हणून गणिताने वेगळे काढता येतात. पण खोलीवर प्रकाशाचा स्पेक्ट्रमच बदलतो, वरच्या रक्ताने काही तरंगलांब्या आधीच खाल्लेल्या असतात. म्हणून १५ मिलिमीटरच्या नळीवर हे गणित जमतं का हे फँटममध्येच पाहून घ्या.

लेझर चालू असताना खोलीत ओडी ६ चे, ६८० ते ९७० साठीचे चष्मे सगळ्यांना, बघायला आलेल्या पाहुण्यांनाही. या तरंगलांब्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण पडदा जाळतात. बांगड्या, अंगठी, घड्याळ, लटकणारं मंगळसूत्र बाहेर ठेवून आत या.

प्राणी आणि माणूस

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय काहीही नाही. खारघरच्या अॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) ठिकाणी प्राणिगृह आणि कर्करोगाचं मूलभूत संशोधन दोन्ही एकाच आवारात आहे. इतरांनी अशा संस्थेशी भागीदारी करावी, उसन्या पिंजऱ्यांवर काम करू नये.

रॉड ऑटोक्लेव्ह करायचे नाहीत, उष्णतेने आकार जातो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि आधी-नंतर स्पेक्ट्रम घ्या, कारण गठ्ठे असतील तर अर्धं सोनं फिल्टरवरच राहतं. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, तपासा. पांढरे किंवा बिनकेसांचे उंदीर घ्या, काळ्या त्वचेतलं मेलॅनिन वरच सगळा प्रकाश घेतं. भूल, ३७ अंशाची गादी, केस काढलेली त्वचा, बुडबुडे नसलेलं जेल. इंजेक्शनच्या आधीचं चित्र सगळ्यात मोलाचं, ते नसेल तर नंतरच्या चित्राला अर्थ नाही. २० ग्रॅमच्या उंदराला शेपटीच्या शिरेतून १०० ते २०० मायक्रोलिटर, सावकाश. मग १, ३, ६ आणि २४ तासांनी. सोबत तीन गट: अँटिबॉडीविना रॉड, आधी मोकळी अँटिबॉडी देऊन जागा अडवलेले, आणि नुसतं सलाइन. शेवटी ट्यूमर, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड अम्लराजात विरघळवून आयसीपी-एमएसने, म्हणजे धातूचा अंशही मोजणाऱ्या यंत्राने, सोनं मोजा. चित्रात ट्यूमर उजळला आणि आयसीपीत तिथे सोनं नाही, तर ते रक्त होतं.

यकृत आणि प्लीहेत सोनं कित्येक महिने राहतं, कारण मूत्रपिंड साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठं काही गाळून टाकत नाही. अशाच कारणांनी सोन्याचे रॉड आज दवाखान्यात फोटोअकूस्टिक कॉन्ट्रास्ट म्हणून मंजूर नाहीत. स्तनांच्या तपासणीसाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅजिओ यंत्रही कोणताही कण न देता रुग्णाच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनवरच चालतं. त्यामुळे रुग्णाला किंवा नातेवाइकांना 'सोन्याची टेस्ट' असं काही सांगू नका. माणसावर वापरायचं तर औषध म्हणून २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली परवानगी लागते, आणि तिथवरचा रस्ता विषाक्ततेच्या अभ्यासातून जातो.

सीटॅब असलेलं धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते जलचरांना विषारी आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. वेगळ्या डब्यात साठवा, त्यावर तारीख आणि सीटॅबचं प्रमाण लिहा आणि अधिकृत धोकादायक कचऱ्यात द्या. सोन्याचे अवशेष त्याहून वेगळ्या बाटलीत. प्राण्यांचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. आणि इंजेक्शनला वापरलेल्या बॅचमधले २ मिलिलिटर सीलबंद करून साध्या तापमानाला अंधारात ठेवा. महिन्याभराने निकालावर शंका आली तर त्याच कुपीचा स्पेक्ट्रम घेऊन पहिल्या दिवशीच्या कागदाशेजारी ठेवता येईल.